पोटावरचा हात

सकाळी माझी तान्ही लेक ठमी उठायच्या आत सासूबाई माझ्या खोलीत यायच्या, पलंगाच्या कडेला बसायच्या आणि आपला हात माझ्या ओटीपोटावर ठेवायच्या. नुकताच चहाचा कप धरलेला असल्यामुळे हात गरम असायचा. मग म्हणायच्या, "हं, घे श्वास. कोंड. आता आवळ." मी श्वास कोंडायचे, दातावर दात दाबायचे, खालचं जे काही आवळता येईल ते सगळं आवळायचे, आणि पोट त्यांच्या हाताला टणक लागलं की त्या मान डोलवायच्या. नाही लागलं तर एक भुवई वर जायची. त्या भुवईला आमच्या घरात सगळे टरकून असायचे. माझा नवराही, आणि तो तर त्यांच्याच पोटचा.

सासूबाई म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टर. अर्ध्या शहराला त्यांनीच जगात ओढून आणलंय असं म्हटलं तरी फार खोटं होणार नाही. त्यांचा आवाज दोन मजले खाली औषधांच्या खिडकीपर्यंत ऐकू जायचा. लाव जोर, लाव, लाव, थांबू नकोस. वॉर्डातली माणसं पाठीमागे त्यांना जोरसिस्टर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं.

ठमीलाही त्यांनीच आणलं. माझं बाळंतपण लांबलं, माझी आई दूर गावी अंथरुणाला खिळलेली, आणि नवरा बाहेरच्या बाकावर नखं खात बसलेला. सासूबाईंनी दिवसभर माझा हात सोडला नाही. त्यांची ड्यूटी संपली, दुसरी सिस्टर आली, तरी त्या तिथेच. पोटात अन्नाचा कण नाही आणि पाय सुजलेले. असं केलेल्या माणसाला पुढे आयुष्यात तोंड वर करून काही सांगायचं म्हणजे आपली जीभ टाळूला चिकटते.

घरी सोडायच्या दिवशी प्रत्येक बाळंतिणीला खालच्या स्नायूंचा व्यायाम शिकवायचा, हा त्यांच्या वॉर्डाचा नियम. भिंतीवर त्याचं चित्र लावलेलं आहे. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू, आणि खाली लिहिलंय, आवळा, धरा, सोडा. पण आवळलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि बायका लाजून नुसत्या हो हो करतात. म्हणून सासूबाईंनी आपली स्वतःची पद्धत काढली होती. पोटावर हात. कळ आली की पोट टणक होतं आणि काम पुढे सरकतं, हे त्या हाताला वर्षानुवर्षं पाठ झालेलं. टणक पोट म्हणजे बाई मनापासून करतेय, मऊ पोट म्हणजे फसवतेय, इतका त्याचा साधा कायदा. सबंध वॉर्डात त्यावर कधी कुणी ब्र काढला नव्हता. वॉर्डात आलेली प्रत्येक नवी सिस्टर हे त्यांच्याकडूनच शिकली.

मी तर घरचीच सून. मला सवलत कुठली? बाळंतपणानंतर अंग जरा धरलं तशी रोज सकाळी उजळणी सुरू झाली.

पहिल्यांदा ते माझ्या हाताला लागलं तेव्हा मी आंघोळ करत होते. गालाच्या आतल्या बाजूसारखं मऊ, गोलसर, आणि जिथे काहीही असायला नको तिथे. मी हात झटकन मागे घेतला. मग वाटलं, साबणाचा भास असेल, पुन्हा बघावं, आणि पुन्हा बघायचा धीर होईना. बादली भरून वाहू लागली तरी मी स्टुलावर तशीच बसून राहिले. बाहेरून नवऱ्यानं दार वाजवलं तेव्हा आवाज नीट निघावा म्हणून मी आधी खाकरले, आणि त्या खाकरण्यानं ते किंचित आणखी खाली आल्यासारखं वाटलं.

नाव मला माहीत होतं, हेच वाईट. अंग बाहेर येणं. सासूबाई जेवताना वॉर्डातल्या गोष्टी सांगायच्या, त्यात या बायका असायच्या. कुणी भांडी घासताना उठली आणि अंग बाहेर, कुणी खोकली आणि अंग बाहेर. शेवटी ऑपरेशन, पिशवीच काढून टाकायची. "आळस," सासूबाई म्हणायच्या, "शिकवलेलं करायचं नाही आणि मग रडत यायचं." मी ताटात बघून जेवायचे. मी तर करत होते. त्यांच्या हाताखाली, रोज, घाम फुटेपर्यंत करत होते. म्हणजे माझ्यातच काहीतरी मुळात कच्चं होतं, असा मी अर्थ काढला. आणि कच्च्या मालावर उपाय एकच, जास्त मेहनत. मग मी दुकानातही करायला लागले, जिन्यातही, स्वयंपाकघरात उभी राहूनही. श्वास कोंड, आवळ, टणक कर. आणि आंघोळीच्या वेळी रोज ते जरा जास्त हाताला लागायचं.

मी फोटो आणि आरशांच्या चौकटी बनवायच्या दुकानात काम करते. काच कापायची, मागे पुठ्ठा बसवायचा, खिळे मारायचे. मोठ्या काचा भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या असतात, त्यातली एक उचलून टेबलापर्यंत न्यायची हे माझंच काम, कारण मालकाची कंबर गेलेली आहे. एकदा अशीच काच दोन्ही हातांत धरून निघाले आणि शिंक आली. काच धरलेल्या माणसाला दोन गोष्टी करता येत नाहीत. पळता येत नाही आणि खाली बघता येत नाही. मी तशीच चालत राहिले, पाय ओले होत असताना, आणि काच टेबलावर अलगद ठेवली. गिऱ्हाइकाला वाटलं मी काच पुसायचं पाणी सांडलं. मी म्हटलं, हो, सांडलं. नंतर मागच्या खोलीत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

पण खरी भीती काचेची नव्हती. ठमी नुकती रांगायला लागली होती. माझ्या पायाशी येऊन दोन्ही हात वर करायची, उचल म्हणून. आणि तिला उचललं की खाली काहीतरी सुटून येतंय, असं जड ओझं लोंबायचं. मग मी उचलणंच सोडलं. तिनं हात वर केले की मीच खाली बसायचे. तिला आधी ती गंमत वाटली. नंतर ती माझ्याकडे हात वर करेनाशी झाली आणि आजीकडे जाऊ लागली. त्या दिवशी मात्र वाटलं, आता लाज गेली खड्ड्यात, कुणालातरी दाखवायलाच हवं.

सासूबाईंना नाही, एवढं नक्की होतं. त्यांच्या हॉस्पिटलात तर नाहीच. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक फिजिओथेरपिस्ट फक्त बायकांच्या या दुखण्यांवर काम करते, असं आमच्या दुकानात बाळाच्या फोटोची चौकट न्यायला आलेल्या एका बाईकडून कळलं होतं. मालकाला दातदुखी सांगितली आणि घरच्यांना काहीच सांगितलं नाही.

खोली लहानच होती. पडदा, कागद अंथरलेला पलंग, टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सापळा आणि त्यात तळाशी लाल रबराची पट्टी ताणून बसवलेली. फिजिओ माझ्याच वयाची असेल. तिनं आधी सगळं विचारून घेतलं, मग तपासू का म्हणून विचारलं, दुखलं तर थांबवायचं म्हणून सांगितलं. हातमोजा घातलेलं तिचं एक बोट आत होतं आणि ती म्हणाली, आवळा. मी रोजच्यासारखा श्वास कोंडला आणि जीव खाऊन आवळलं. पुन्हा म्हणाली, आवळा. मी आणखी जोर केला. मी छताकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता ही ऑपरेशन म्हणणार.

"तुम्ही आत ओढत नाही आहात," ती म्हणाली. "बाहेर ढकलताय."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं तो सापळा हातात घेऊन दाखवलं. श्वास कोंडून पोट टणक केलं की वरचं सगळं वजन त्या लाल पट्टीवर येतं. मूल बाहेर काढताना तेच करायचं असतं. आणि मी तेच रोज करत होते, मूल बाहेर आल्यावरही, महिनोन् महिने. जितकं मन लावून कराल तितकं खाली येईल, असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. कुठे शिकलात, म्हणून विचारलं तर मी चटकन म्हटलं, मोबाइलवर बघून. मग तिनं मोबाइलला चांगला झाडला. बिचारा माझ्या पिशवीत गप्प पडून होता.

बरोबर व्यायाम शिकायला लागले तर हसूच आलं. इतकासा. चारचौघांत वारा सरणार असेल तर आपण जसं कुणाला न कळता आतल्या आत वर ओढून धरतो, तसं. श्वास चालू, पोट मऊ, मांड्या सैल. धरायचं आणि मग पूर्ण सोडायचं, सोडणंही तितकंच महत्त्वाचं. आणि शिंकायच्या आधी, मूल उचलायच्या आधी, आधी ते वर घ्यायचं. अजून फार खाली आलेलं नाही, ती म्हणाली, काही महिने नीट केलं तर बहुतेक सावरेल. ऑपरेशनचं आत्ता नावही काढायचं नाही. पण ते जुनं, ढकलायचं, आजपासून बंद. एकदाही नाही. मी इतक्या जोरात मान हलवली की तिला हसू आलं.

सुटल्यासारखी मी बाहेर पडले आणि बसथांब्यावर पोचेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. उद्या सकाळी तो हात येणार होता.

आला. गरम, चहाच्या कपाचा. "हं, घे श्वास." मी पडल्या पडल्या दोन भीतींच्या मध्ये सापडले. पोट मऊ ठेवलं तर भुवई, प्रश्न, आणि मग सगळंच बाहेर. टणक केलं तर माझंच अंग मी माझ्या हातानं बाहेर लोटणार. माणूस किती भित्रं असतं ते मला त्या सकाळी कळलं. मी ढकललं. त्यांनी मान डोलवली आणि उठून गेल्या. मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडतानाही हुंदका खाली दाबत नाही ना याची धास्ती.

पुढच्या सकाळी त्या यायच्या आधीच मी उठून कपडे भिजवत बसले. नंतर कधी डोकं दुखलं, कधी पाळी आली, कधी ठमीला मुद्दाम लवकर जागं केलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वायरमन आहे, उघड्या तारांना हात घालतो, पण माझं ऐकून पांढरा पडला. "आईला तूच सांग," म्हणाला, "मला नाही जमणार." आणि चांगल्या चालत्या पंख्याचं बटण खोलून बसला.

माझी सबब कुठवर पुरणार? आणि आता रात्री डोळा लागत नव्हता तो निराळ्याच कारणानं. सासूबाई गणवेश घालून निघाल्या की माझ्या डोळ्यांपुढे वॉर्ड यायचा. आज कुणाला घरी सोडतायत? कुठल्या पलंगाच्या कडेला बसून, कुणाच्या पोटावर हात ठेवून म्हणत असतील, कोंड, आवळ? ती पोरगी मान डोलावलेली बघून खूष होत असेल. घरी जाऊन मन लावून करेल. मी गप्प बसले तर ती आणखी एक.

शेवटी एका सकाळी मी पळाले नाही. हात आला. मी श्वास घेतला आणि सोडला, घेतला आणि सोडला, आणि आतल्या आत ते इतकंसं वर ओढून धरलं. पोट मऊच.

"करत नाहीयेस तू," त्या म्हणाल्या.

"करतेय, आई."

भुवई वर गेली. मी पडल्या पडल्याच बोलत सुटले. आंघोळीतलं, काचेचं, ठमीचं, दातदुखीचं, लाल रबराच्या पट्टीचं. शेवटी म्हटलं की पोट टणक झालं की आपण बाहेर ढकलत असतो, आई, आणि मी तुमचं नाव सांगितलं नाही. हे शेवटचं का म्हटलं कोण जाणे. त्यातच सगळा आरोप होता.

त्यांनी हात काढून घेतला. "कोण ती?" म्हणाल्या. "किती बाळंतपणं केलीत तिनं?" मी म्हटलं, बहुतेक एकही नाही. त्या उठल्या, गणवेश चढवला, आणि उरलेला चहा कपात तसाच ठेवून निघून गेल्या. दाराचा आवाजही केला नाही. त्यांनी दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तो दिवस मी कसा काढला माझं मला माहीत. एका लग्नाच्या फोटोची काच बोटभर आखूड कापली. मालक काही बोलला तेही ऐकू आलं नाही. मी मनात सगळं रंगवून ठेवलं होतं. सासूबाई त्या फिजिओकडे जाऊन तिला फैलावर घेतील. माझ्याशी बोलणं टाकतील. ठमीला माझ्यापासून तोडतील. सगळ्यात मोठी भीती ही की काहीच होणार नाही, आणि उद्या सकाळी तो गरम हात पुन्हा येईल. नवऱ्यानं फोन बंद करून ठेवला होता, शहाणा माणूस.

संध्याकाळी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. पिशवी खुंटीला लावली. ठमी हात वर करून त्यांच्याकडे गेली तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, थांब. उचललं नाही. आणि न्हाणीघरात गेल्या. नळ सुरू झाला. बराच वेळ सुरूच राहिला. मी दाराबाहेर उभी. आतून दुसरा कसलाच आवाज नाही, तांब्याचा नाही, पाणी अंगावर घेतल्याचा नाही. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. दार वाजवायला हात उचलला तेवढ्यात त्यांनीच आतून हाक मारली.

"आत ये. कडी लाव."

त्या स्टुलावर बसल्या होत्या. गणवेश अंगावरच. पायाशी कापडाची एक जाड घडी पडलेली आणि कमरेचा रुंद पट्टा सोडून ठेवलेला, जो त्या पाठ दुखते म्हणून लावतात असं आम्ही सगळे समजत होतो. नळ चालू होता तो मला ऐकू जाऊ नये म्हणून की घरातल्यांना, मला कळलं नाही. मी तो बंद केला.

"आज कुणाच्या पोटावर हात ठेवला नाही," त्या म्हणाल्या. घरी सोडायच्या बायकांना त्यांनी दुसऱ्या सिस्टरच्या हवाली केलं होतं, डोकं दुखतंय म्हणून. आणि मग आठवलं की ती सिस्टरही त्यांच्याकडूनच शिकलीय. तेव्हा धावत जाऊन तिलाही थांबवलं. कारण काही सांगता आलं नाही. तीही विचारायला धजली नाही.

मी खाली जमिनीवर बसले. त्यांचे पाय सुजलेले होते, माझ्या बाळंतपणाच्या दिवशी होते तसेच, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ते रोजच तसे असतात.

"माझं बाहेर येतं," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. कधीपासून, एवढंच विचारू शकले. सासरे होते तेव्हापासून, म्हणाल्या. सासऱ्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी बोटानं आत सारायचं, घडी लावायची, पट्टा आवळायचा, आणि दिवसभर वॉर्डात उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत पुन्हा बाहेर. माझ्या खोलीतून उठून गेल्यावर त्या आपल्या खोलीत जाऊन स्वतःचाही व्यायाम करायच्या, हे मला माहीतच नव्हतं. आपल्याच पोटावर आपलाच हात ठेवून.

"मला वाटायचं, मीच कमी पडतेय," त्या म्हणाल्या. "म्हणून आणखी जोर लावायचे."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्या भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे. मग म्हणाल्या, किती जणींना शिकवलं असेल गं मी. त्यावर मला खोटं बोलता आलं असतं, की सगळ्यांचंच काही बिघडत नाही, कित्येक जणी तर घरी जाऊन करतच नसतील. यातलं काही खरंही असेल. पण मलाही त्याच दिसत होत्या, एकेक पलंगावरच्या, मान डोलावल्यावर खूष झालेल्या.

मी विचारलं की इतक्या वर्षांत दाखवलं का नाही कुणाला. डॉक्टर रोज शेजारी उभे. तर म्हणाल्या, कुणाला दाखवू? सगळे माझ्याच हाताखालून गेलेले. माझा नवरा त्यांच्याच माहेरी, घरातच झाला होता, एका म्हाताऱ्या सुइणीच्या हातून, आणि त्यानंतर त्यांना कुणी कधी तपासलंच नव्हतं. जिनं आयुष्यभर दुसऱ्या बायकांना तपासलं तिला एकदाही नाही. मी म्हटलं, आपण त्या फिजिओकडे जाऊ, ती पुढे डॉक्टरकडे पाठवेल. तुमचं कदाचित नुसत्या व्यायामावर भागणार नाही, हे मी बोलले नाही. ते माझ्याहून त्यांनाच जास्त कळत होतं.

बाहेर ठमीनं दारावर थाप मारली. मग सासूबाईंनी कापडाची घडी उचलून मांडीवर घेतली, तिच्या कडा सारख्या केल्या, आणि माझ्याकडे न बघता, मी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात विचारलं,

"तपासताना दुखतं का गं?"

"नाही दुखत," मी म्हटलं. "मी बाहेर नाही थांबणार, आई. पडद्याच्या आत येईन."